साक्षीदाराचा भत्ता

सातारा,
१२ फेब्रुवारी २०२४

रोहन,

तुला, मायाला आणि तुमच्या त्या लबाड मांजरीला अक्काचा जय भीम.

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठी घातली असशील. घाल. आठ्या घातल्यानं बहीण बदलत न्हाई. फोन तू उचलत न्हाईस, व्हॉट्सअपवर माझ्या मेसेजपुढं दीड वर्ष एकच टिक लागतीया. मायाला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, पत्र टाका. पत्र आलं तर ते फाडणार न्हाईत, बाबांची सवय हाय त्यांना, आलेलं प्रत्येक पत्र वाचायची." म्हणून टाकतेय. शाळेत मास्तर शुद्ध लिहायला लावायचे. तुला लिहिताना कशाला शुद्ध लिहू, बोलते तसंच लिहिते.

कामाचं आधी सांगते, न्हाईतर तू म्हणशील अक्का गोड बोलून मग हात पुढं करती. बाबांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट काढावं लागतंय. म्हंजे हे मृत्युपत्र खरं हाय, असा कोर्टाचा शिक्का. वकीलबाई मयूरी म्हणून हायत, तुझ्यापेक्षा धाकट्या असतील, पण डोकं लय तल्लख. त्या म्हणाल्या, आपल्या सातारा-सांगलीत प्रोबेटची सक्ती न्हाई, ती मुंबईची भानगड. पण बाबांनी भाऊसो कंडक्टरच्या नादानं घेतलेले ते शेअर आठवतात का? त्येचं आता बरंच झालंय. नॉमिनी कोण न्हाई, म्हणून कंपनी अडून बसलीय. प्रोबेट आणा, मगच नाव लावतो म्हणती.

खर्च ऐकशील तर हसशील. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर, पंचाहत्तर हजारांच्या वर जात न्हाई म्हणं. मी म्हटलं, बाई, हे समाधान हाय का धमकी? वकीलबाईंची फी वेगळी. घराची किंमत काढायला एक जण टेप घेऊन आला, बाबांच्या मोरीचंबी माप घेतलं आणि चार हजार घेऊन गेला. पेपरात जाहीर नोटीस, तिचे वेगळे. आईनं आणि बाबांनी मिळून हे घर जेवढ्यात बांधलं, त्याच्या दुप्पट हे खरं हाय सांगायला लागतंय.

आता तुझं काम. मृत्युपत्रावर साक्षीदार दोन, एक भाऊसो आणि एक तू. भाऊसो कोरोनात गेला. राहिलास तू. बाबांनी माझ्यासमोर सही केली, मग मी केली, एवढं एका प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं हाय. कागद सोबत पाठवलाय.

मला ठावं हाय तू कशावर रुसलास. बाबांनी कागद दुमडून पुढं केला, तू सही केलीस, आणि बाबा गेल्यावर जलदान विधीच्या दिवशी वाचला तवा कळलं की घर आणि शेअर सगळं अक्काला, तुला काय न्हाई. पण बाबांचा स्वभाव तुला ठाऊक हाय. पस्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, पाशिंजराला विचारून कवा वळण घेतलंय का त्यांनी?

सही करून पाठव. गुडघा कसाय तुझा? मोटार वाइंडिंगच्या दुकानात दिवसभर खाली बसू नगंस, स्टूल घे.

तुझी,
अक्का


सातारा,
९ मार्च २०२४

रोहन,

उत्तर न्हाई. बरं.

मायाकडनं कळलं, प्रतिज्ञापत्र तू दुकानातल्या ड्रावरमधी ठेवलंयस, तांब्याच्या तारेच्या रिळाखाली. फेकलं न्हाईस, म्हणून मी खूश झाले. एवढ्याशावर खूश व्हायची पाळी आलीय बघ माझ्यावर.

हे पत्र घाईनं लिहितेय, कारण ह्याच्या मागोमाग तुझ्या दारात कोर्टाचा बेलीफ येईल. घाबरू नगंस. तुला दोन कागद देईल. एक नोटीस, वारस म्हणून. काय हरकत असंल तर सांगा, असं त्यात असतंय. दुसरं समन्स, साक्षीदार म्हणून. गल्लीतली माणसं विचारतील, तवा "एक घरचं काम हाय" म्हण. रोहनच्या बहिणीनं रोहनवर कोर्ट लावलं असं कुणी म्हणलं तर मला सांग, मी येऊन त्याचं तोंड बघते.

मी वकीलबाईंना म्हटलं, माझ्या भावाच्या दारात बेलीफ पाठवू नका हो. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचे भाऊ स्वतःहून येत असतील तर गरज नाही. येतायत का?" मी बेलीफची फी काढून टेबलावर ठेवली.

त्यांनी मग सगळं नीट समजावून सांगितलं, ते तुलाबी सांगते, लपवत न्हाई. तू आलास न्हाईस, किंवा आलास आणि म्हणालास की ही सही माझी न्हाई, तर मृत्युपत्र टिकायला लय अवघड. मग वारसाहक्कानं निम्मं घर तुझं, निम्मं माझं. म्हंजे तू नुसता घरी बसून राहिलास तरी निम्म्या घराचा मालक व्हशील. आणि आलास, खरं बोललास, तर हात हलवत परत जाशील. असा साक्षीदार मी जन्मात बघितला न्हाई, असं वकीलबाई म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं न्हाई.

त्या घराशिवाय मला कोपरा न्हाई, हे तुला सांगायला नगं. एकोणतिसाव्या वर्षी नवऱ्यानं बाहेर काढलं तवा मी ह्याच घरात आले, आणि ह्याच घरातनं तीस वर्षं नर्सची नोकरी केली.

एक गंमत. साक्षीदाराला कोर्टाकडनं भत्ता मिळतो. सांगली-सातारा जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं आणि दिवसाचं जेवण. पण ते पैसे कोर्ट देत न्हाई, ज्याचं काम त्यानं आधी भरायचं. परवा मी कोर्टाच्या खिडकीपुढं रांगेत उभी राहून तुझा भत्ता भरला, पाचशे रुपये. कारकून म्हणाला, "साक्षीदार कोण?" म्हटलं, "भाऊ." त्यानं मान वर करून बघितलं. म्हटलं, "काय बघताय, लहानपणी ह्याच्यासाठी पाटी-पेन्सिलबी मीच भरलीय."

सरकारनं आमा बायकांना एसटीत अर्धं तिकीट केलंय, तुला मात्र पूर्ण. बाबा असते तर म्हणाले असते, पोराला डायवरच्या केबिनमधी बसवून आणतो, कशाला तिकीट.

अठरा जूनला तारीख हाय. दहा वाजता.

अक्का


सातारा,
१५ एप्रिल २०२४

रोहन,

काल जयंती झाली. मिरवणुकीची लायटिंग औंधच्या एका पोरानं केली, निम्मे दिवे पेटलेच न्हाईत. सगळी म्हणत व्हती, रोहन असता तर असं झालं नसतं. मी मोठ्यांदा म्हटलं, "येईल पुढल्या वर्षी." कशाच्या जोरावर म्हटलं, माझं मलाच ठाऊक न्हाई.

ते सोड. आज मी जे लिहिणार हाय ते लिहू नका, असं वकीलबाईंनी दोनदा बजावलंय. "ताई, ज्याला मालमत्ता मिळते त्यानंच मृत्युपत्र करताना हात घातला असेल, तर कोर्टाला संशय येतो. असलं काही असेल तर निदान कागदावर आणू नका." म्हंजे हे पत्र तू तुझ्या वकिलाला दाखवलंस तर माझं घर गेलं. हे ध्यानात ठेवून वाच.

फेब्रुवारीत मी लिहिलं, बाबांनी कागद दुमडून तुझ्यापुढं केला. जलदान विधीच्या दिवशीबी, तू सगळ्यांसमोर विचारलंस, "अक्का, कागद कुणी दुमडला व्हता?" तवा मी म्हणाले, "बाबांची मर्जी." त्यावर तू ताटावरनं उठलास.

बाबांनी न्हाई दुमडला. मी दुमडला.

आता सगळं सांगते. दोन हजार अठराचा मे महिना. तहसील कचेरीच्या बाहेर, दस्त लिहून देणाऱ्या बाँडरायटरच्या टेबलापाशी आपण सगळी. तो बाँडरायटर बाबांना म्हणाला व्हता, साक्षीला असा माणूस घ्या ज्याला ह्यातलं काय मिळत न्हाई. बाबांनी भाऊसोचं नाव सांगितलं, आणि मग तुझं. मी म्हटलं, "बाबा, त्याला कशाला? परक्या कुणाला घ्या की." बाबा म्हणाले, "परका माणूस पैशाला फिरतो अंजी. हा फिरायचा न्हाई." पण माझा माझ्या भावावर बापाएवढा विश्वास नव्हता रं. खरं सांगते, नव्हता.

तू दुकान बंद करून आलावतास, हाताला वार्निशचा वास व्हता. बाबांनी आणि भाऊसोनं सह्या केल्या. बाबा मला म्हणाले, "त्याच्या हातात दे, वाचू दे." आणि मी कागद उचलला, आणि तुझ्याकडं वळता वळता मधनं दुमडला. फकस्त खालची सहीची जागा उघडी राहील असा. आणि म्हटलं, "वाचत बसू नगंस, बाबांना ऊन लागतंय, कर सही." तू माझ्याकडं बघितलंस. मी बोट ठेवलं व्हतं, इथं कर. तू केलीस.

भीती वाटली रं. तीस वर्षं शेजारणी, नातेवाईक, दवाखान्यातल्या बाया, सगळ्या एकच सांगत आल्या. बाप हाय तोवर माहेर, मग भाऊ-भावजय आली की बहिणीनं गाठोडं बांधायचं. तू कवा असं वागला न्हाईस. तुझ्या मायानं तर कधी ताटात उलट्या हातानं वाढलं न्हाई. पण मला वाटलं, तू वाचशील, तुझं तोंड उतरंल, आणि तुझं तोंड उतरलेलं बाबांनी बघितलं तर ते तिथंच कागद फाडतील. आई गेली तवा तू चार वर्षांचा व्हतास. तुला मी कडेवर वागवला, आणि तुझ्याच तोंडाला मी भ्याले. मी कागद दुमडताना बाबांनी बघितलं का न्हाई, मला कळलं न्हाई. त्यांनी नंतर कधी विषय काढला न्हाई.

"निम्मं घर तुला देते, सहीला ये," असं लिहायचं मनात आलं व्हतं. पण ती लाच झाली. तशी लाच घेणारा तू न्हाईस, आणि देताना मीच लाजले असते. म्हणून तसलं काय मागत न्हाई. अठरा जूनला यायचं का न्हाई, आलास तर काय सांगायचं, ते तुझं तू ठरव. मी दुमडला असं कोर्टात सांगितलंस तरी ते खरंच असंल.

आज एवढंच. हात दुखायला लागला.

अंजना अक्का


सातारा,
१९ जून २०२४

रोहन,

काल तू सहाच्या गाडीनं गेलास. आज सकाळपास्नं चारदा लिहायला बसले आणि चारदा उठले.

तू साक्षीला उभा व्हतास तवा मी मागच्या बाकावर बसले व्हते. तुला दिसले नसेन, मधी एक जाडा वकील व्हता. तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलावतास, बाबा जयंतीला घालायचे तसला. माया फोनवर म्हणाली, "समन्स आलं तवा हे म्हणत व्हते, जाणार न्हाई, काय करायचं ते करा. मग तुमचं एप्रिलचं पत्र आलं. ते खिशात घालून दोन दिवस फिरले, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, जूनमधी मला पांढरा शर्ट लागंल."

ती म्हणाली तवाच मला कळलं की तू येणार. पण काय बोलणार, ते मायालाबी ठाऊक नव्हतं.

जज्जसाहेबांनी कागद तुझ्यापुढं धरला. त्यावरची घडी मला मागनंसुद्धा दिसत व्हती. सहा वर्षं झाली, ती घडी काय मोडली न्हाई. ही तुमची सही का? व्हय. वडिलांनी तुमच्यासमोर सही केली का? व्हय, आणि भाऊसोनंबी. मग साहेबांनी विचारलं, "सही केली तेव्हा आत काय लिहिलंय, हे तुम्हाला माहीत होतं का?" वकीलबाईंनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटले.

आणि तू म्हणालास, "माहीत व्हतं साहेब. आठ दिवस आधी वडील सांगलीला माझ्या दुकानात आलते. त्यांनी सांगितलं."

मी डोळे उघडले रं.

साहेब म्हणाले, "काय सांगितलं?" तू म्हणालास, "म्हणाले, घर आणि शेअर अंजीला देतोय. तुझ्या हातात कला हाय, तिच्या हातात फकस्त मी हाय, आणि मी काय पुरणार न्हाई. मला आधी राग आला. आठ दिवस मी त्यांच्याशी नीट बोललो न्हाई. मग म्हटलं, बरोबर हाय त्यांचं. सहीला येतो." साहेबांनी विचारलं, "मग तुमची या मृत्युपत्राला काही हरकत नाही?" तू त्या घडीकडं बघितलंस. आणि म्हणालास, "कागदाला न्हाई."

टंकलेखकानं नुसतं "हरकत नाही" असं टाइप केलं. पण मी पुरं ऐकलं.

बाहेर तू खिडकीवर गेलास, सही करून भत्ता घेतलास. मला वाटलं आता तसाच जाशील. तू कँटीनमधनं दोन चहा आणलेस, एक माझ्यापुढं सरकवलास. मी म्हटलं, "सहा वर्षं ठाऊक असून बोलला न्हाईस?" तू म्हणालास, "मी सही करायला आलोवतो अक्का. बाबांनी मला उघडा कागद दिला असता. तू दुमडलास." एवढंच. मग म्हणालास, "तवा बी सोडून दिलं व्हतं. म्हटलं, कधीतरी सांगंल. जलदानाला मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, तर बाबांच्या नावावर ढकललंस." मी म्हटलं, "निम्मं घर—" तू म्हणालास, "घराचं परत काढलंस तर हा चहा टाकून उठंन."

म्हंजे जवळजवळ दोन वर्षं मला वाटत व्हतं, तू घरासाठी रुसलास. मी शेजारच्या शालूबाईला तसं सांगितलंबी. लोभी म्हणाले तुला, रोहन. तुझ्या पाठीमागं, सगळ्या आळीत. हे तू कोर्टात बोललास त्यापेक्षा मला जास्त लागलंय. उद्या जाऊन शालूबाईला खरं सांगते. ती सगळ्यांना सांगंल, तो भरवसा हाय.

चहाचे पैसे तू भत्त्यातनंच दिलेस, मी बघितलं. म्हंजे चहा मीच पाजला, हे लक्षात असू दे.

अक्का


सातारा,
२१ नोव्हेंबर २०२४

रोहन,

प्रोबेट मिळालं. लाल शिक्क्याचा कागद, त्याला मूळ मृत्युपत्राची नक्कल जोडलेली. वकीलबाईंनी हातात दिला तवा मी आधी घडीची जागा बघितली. नकलेत घडीबी उमटलीय, मधोमध एक काळी रेघ. म्हंजे माझी खोडी आता सरकारी कागदावर कायमची.

वकीलबाईंनी सगळा खर्च एका कागदावर मांडून दिला. फी, नोटीस, मोजणी, टायपिंग, झेरॉक्स, साक्षीदाराचा भत्ता. म्हणाल्या, "ताई, काही राहिलं असेल तर सांगा." मी म्हटलं, राहिलंय, पण ते कोर्टाच्या खिडकीवर घेत न्हाईत.

शालूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आवं, आमाला ठावंच व्हतं रोहन तसला न्हाई, तुमीच सांगत व्हता." बघ, आळीला ठावं व्हतं. मलाच न्हाई.

तुझा फोन दिवाळीत आला, दोनच मिनिटं, त्यातबी तू गॅसच्या सिलेंडरचं विचारलंस. पण आला. त्यानंतर माझ्या मेसेजला दोन टिका लागतात. निळ्या व्हायला दिवस जातो, चालंल मला.

आता एक मागते. पाचशे रुपये सोबत ठेवलेत. भत्ता हाय, सांगली-सातारा, जाण्यायेण्याचा, जेवण धरून. ह्या खेपेला समन्स न्हाई, बेलीफ न्हाई, कुठं सही न्हाई. मायालाबी आण, तिला अर्धं तिकीट, म्हंजे पैसे उरतील. बाबांची खोली झाडून ठेवलीय. तिथला बल्ब सारखा फडफडतो, आणि मी मुद्दाम दुसऱ्या कुणाला दाखवला न्हाई.

ह्या शेवटच्या ओळी पोस्टाच्या खिडकीपाशीच लिहितेय. पत्र मोठ्या पाकिटातनं पाठवतेय, आत पुठ्ठा घालून. पोस्टातला म्हणाला, "बाई, एकच तर कागद हाय, घडी करून छोट्या पाकिटात घाला, पाच रुपयांत जाईल." मी म्हटलं, न्हाई, जास्तीचे किती व्हतील ते घ्या, ह्याची घडी करायची न्हाई.

तुझी,
अक्का